गारवेलीवरचे दोरे

यमुताई : नाही म्हणजे नाही. कवडू, उभा काय राहिलास? विळा आण आणि ही गारवेल आजच्या आज मांडवावरून उतरव.

अरुंधती : कवडू, थांब जरा. मोठ्या बाई, मी फक्त वीस दिवस मागते आहे.

यमुताई : माळी माझा, अंगण माझ्या बोर्डिंगचं, आणि थांब म्हणणाऱ्या तुम्ही कोण? शाळेत सायन्स शिकवायला घेतलं आहे तुम्हाला, अरुंधतीबाई. अंगणात राज्य करायला नाही.

अरुंधती : बोंडं अजून हिरवी आहेत. आत्ता उतरवली तर त्यांचं बी उगवणार नाही.

यमुताई : नको उगवायला! बेचाळीस मुली जेवतात इथे. लढाई सुरू झाल्यापासून त्यांच्या ताटात काय पडतं ते तुम्ही रोज बघता. कंट्रोलचा जाडा भात आणि पिठलं. इतवारीच्या बाजारातून भाजी येते ती टोपलीच्या तळाची. अख्ख्या अंगणात ऊनही आहे आणि न्हाणीचं पाणीही जातं अशी एकच जागा, आणि तिथे ही निळी फुलं! दहा वाजले की माना टाकतात. दोडका असता तर निदान आमटीत तरी पडला असता.

कवडू : हिचा दाणा बी लागते जी खायाले. वैद लोक काळादाणा म्हंते त्याले. जुलाबाले देते. म्हंजे खाता येते, पण एकाच डाव.

यमुताई : तुला विचारलं नाही मी.

अरुंधती : दोडक्याचं म्हणाल तर त्याची वेळ गेली. गौरी जाऊन आठ दिवस झाले. आता पेरला तर फळ धरायच्या आत थंडी येईल. शिवाय तो तणाव्यांनी धरतो आणि फळं लागली की मांडव ओढतो. हे बांबू तीन वर्षांचे आहेत. गारवेलीला वजन नाही, ती नुसती दोरीसारखी गुंडाळत जाते, म्हणून टिकले. दोडक्याखाली पहिल्याच महिन्यात बसतील.

यमुताई : मग वाल लावा.

अरुंधती : वालाला ही वेळ चालेल. पण शेंगा पौषात.

यमुताई : आणि पुष्पलतेनं तोवर काय करायचं? तिला संध्याकाळी फळा दिसत नाही. परवा दिवेलागणीला देवकी पायरी चुकून पडली, हनुवटी फुटली तिची. डॉक्टरीणबाई काय म्हणाल्या ते ऐकलंत ना? हिरवी भाजी.

अरुंधती : रातांधळेपणाला दोडका आणि वाल दोन्ही निरुपयोगी आहेत. पाला हवा. वेलच हवी असेल तर मायाळू. चाळीस दिवसांत पानं खुडता येतात, आणि तिला हाच मांडव पुरेल.

यमुताई : म्हणजे काय लावायचं ते तुम्हाला पुरतं ठाऊक आहे. फक्त लावायचं नाही.

अरुंधती : श्रावणात मी मायाळू कुंपणाला लावायचं म्हटलं होतं. तुम्ही नको म्हणालात.

यमुताई : कुंपणाबाहेर गाई फिरतात. गाईंना रातांधळेपणा नाही झालेला. तुम्ही मला शब्दात पकडू नका, सरळ सांगा. ते वीस दिवस देवकीला जाऊन मागाल का? तिच्यासमोर उभं राहून?

अरुंधती : ...नाही मागता येणार.

यमुताई : झालं तर मग.

अरुंधती : तीन वर्षांचं काम आहे, मोठ्या बाई. निळ्या फुलाला पांढऱ्याचा पराग दिला की पुढच्या पिढीत किती निळी येतात, किती पांढरी, याचे आकडे आहेत. प्रोफेसरसाहेबांना दिवाळीपर्यंत हे बी आणि त्याची वही हवी आहे. ती पोचली तर जानेवारीपासून त्यांच्या प्रयोगशाळेत जागा. नाही पोचली तर ती जागा दुसऱ्याला जाईल. मागल्या वर्षीचं बी सगळं यंदा पेरलं. हातात एक दाणा उरलेला नाही.

यमुताई : ठाऊक आहे. त्यांचं पत्र माझ्याच टेबलावरून तुमच्याकडे गेलं. शाळा सोडून जायची तयारी चाललीय ती माझ्याच पाण्यावर, आणि मला विचारायचीही गरज वाटली नाही. कवडू! विळा आणलास ना? चढ.

कवडू : माझ्याच्यानं नाई होत जी.

यमुताई : काय नाही होत?

कवडू : वेल कापणं. दोरे हायेत तिले.

अरुंधती : ते दोरे माझे आहेत, कवडू. तो नवस नव्हे. संध्याकाळी मी कळी उघडून तिचे पुंकेसर काढते, पहाटे दुसऱ्या फुलाचा पराग आत घालते. कोणत्या फुलात घातला ते कळावं म्हणून देठाला लाल दोरा बांधते. आधी कागदाच्या चिठ्ठ्या लावल्या होत्या, त्या पावसात विरघळल्या. इतकंच.

कवडू : तुमचे असतीन थे असतीन. पण रुख्मिणीबाईचा बी हाये ना.

यमुताई : आपली स्वयंपाकीण रुख्मिणी?

कवडू : हो जी. तिचा पोरगा पलटणीत हाये, ब्रह्मदेशाकडं. चैत्रापासून चिठ्ठी नाई त्याची. तिनं पाह्यलं, ह्या बाई रोज पहाटे न्हाऊन, ओल्या केसानं, कोणाशी न बोलता लाल दोरा बांधून राहिल्या. अन् मंग बाईले कालेजाचं पत्र आलं. आता सांगा, माणसानं का समजाव?

अरुंधती : मी पहाटे जाते कारण फूल पहाटे उमलतं! आणि बोलत नाही कारण तोंडात दोरा धरलेला असतो!

कवडू : थे म्या कसं जाणाव जी? तुमी कधी सांगतलं काय कोणाले?

अरुंधती : आणखी कोणी बांधलेत?

कवडू : म्या नाई पाह्यलं.

अरुंधती : कवडू, वर बघ. माझ्याकडे बघून सांग.

कवडू : नाई पाह्यलं म्हंतो ना जी.

(अरुंधती वही उघडून मांडवाखाली जाते. एकेका देठाला हात लावत पहिल्या बांबूपासून शेवटच्या बांबूपर्यंत जाते आणि परत येते.)

यमुताई : काय मोजत होतात?

अरुंधती : वहीत चौतीस आहेत. वेलीवर एकसष्ट.

यमुताई : एकसष्ट.

अरुंधती : तोच दोरा आहे, मीही घेते तो देवघराच्या टोपलीतला. गाठही तशीच, माझी बघून घातलेली. माझी बोंडं कोणती आणि आपोआप धरलेली कोणती, आता सांगता येत नाही. दोन्ही बी मिसळलं की आकड्यांना काही अर्थ नाही.

यमुताई : तुमचे आकडे राहू द्या. माझा हिशेब वेगळा आहे. सत्तावीस जास्त. त्यातला एक रुख्मिणीचा. उरले सव्वीस. बोर्डिंगच्या आत मुलींखेरीज कोण राहतं?

अरुंधती : मी तसं म्हटलं नाही.

यमुताई : तुम्ही मोजलंत, तेवढं पुरे. नवस, उपास, दोरे यांतून मुली बाहेर काढायच्या म्हणून ही शाळा मी उभी केली. आणि माझ्याच अंगणात सव्वीस गाठी! ऐका. तुमचंही काम होईल, माझंही. उद्या प्रार्थनेनंतर मुलींना इथे रांगेत उभं करते. जिनं बांधला तिनं आपला दोरा ओळखून सोडायचा. मुलींना आपली गाठ बरोबर आठवते. रुख्मिणीही आपला सोडेल. शेवटी वेलीवर राहतील ते तुमचे चौतीस. वीस दिवस दिले तुम्हाला. पाहिजे तर प्रोफेसरांना मी स्वतः पत्र लिहीन.

अरुंधती : आणि तुम्हाला काय?

यमुताई : नावं.

अरुंधती : त्या नावांचं काय करणार?

यमुताई : घरी पत्रं जातील. ज्यांना नवस करायचे त्यांनी ते आपापल्या घरी करावेत.

कवडू : मोठ्या बाई, लहान हायेत जी पोरी.

अरुंधती : मागल्या वर्षी ताराला घरी पाठवलंत. परीक्षेसाठी सोमवार धरला म्हणून. मार्गशीर्षात तिचं लग्न झालं. पंधरावं लागलं होतं तिला.

यमुताई : लग्न तिच्या बापानं लावलं.

अरुंधती : घरी तुम्ही पाठवलंत.

यमुताई : माझ्या नियमांवर बोलायला तुम्हाला बोलावलं नाही. हो की नाही, तेवढं सांगा. तीन वर्षांचं काम म्हणत होतात मघाशी.

अरुंधती : देवकीनं डोळ्यांसाठी बांधला असला तर?

यमुताई : तर पहिलं पत्र तिच्या घरी.

अरुंधती : ...मोठ्या बाई, माझ्या मोजण्यात चूक झाली.

यमुताई : काय झाली?

अरुंधती : चूक. रुख्मिणीबाईंचा एक सोडला तर साठही दोरे माझे आहेत. वहीत सव्वीस मांडायचे राहिले.

यमुताई : तुमचे? हजेरीपटातली माझी एक बेरीज चुकली होती, तर तीन आठवडे सगळ्या शिक्षिकांसमोर ती लावून धरली होतीत. तुमची मोजणी चुकते?

अरुंधती : आज चुकली.

यमुताई : खोटं बोलता आहात तुम्ही. धडधडीत.

अरुंधती : ते वेलीवरून ठरवता येणार नाही. गाठ एकच आहे, दोरा एकच आहे.

यमुताई : सही करून द्याल असं?

अरुंधती : वहीतच लिहिते, तुमच्यासमोर. गारवेल, बोंडे साठ, सर्व मी स्वतः बांधलेली, सव्वीसांची नोंद राहून गेली. खाली तारीख, सही. बघा. कवडू, रुख्मिणीबाईंचा कोणता ते तुला ठाऊक आहे. तेवढा सोडून त्यांच्या हातात दे. मग विळा माझ्याकडे दे. वेल आजच्या आज उतरली पाहिजे.

कवडू : बाई, तुमी नका कापू. तुमच्यानं...

अरुंधती : दे म्हटलं ना.

यमुताई : दिवाळीला तुमचे प्रोफेसर विचारतील. त्यांना काय कळवणार?

अरुंधती : माझ्या मोजण्यावर विसंबता येत नाही, असं.