स खायचा उपास

—तर मग स गेला कुठे, एवढंच सांगा मला, बाई! पोर सकाळी घरातून निघाली तेव्हा तोंडात होता, मी माझ्या कानांनी ऐकला. आणि तुम्ही म्हणता आमच्या योकास्ताच्या, उद्या शाळेच्या कार्यक्रमात म्हणायच्या वाक्याबद्दल बोलायचंय — म्हणजे गळलाच असणार. बसा ना, त्या डोलखुर्चीत बसा, जरा पुढे झुकून, मागे गेलात तर ती ऐकत नाही कुणाचं. कॉफी घेणार ना? घेणारच. इंग्रजीच्या बाई माझ्या ओसरीवर आल्या आणि कोरड्या घशाने गेल्या, तर अख्खं आसुआ गाव मला नावं ठेवील.

आता तुम्ही राजधानीच्या, तुम्हाला वाटत असेल ही बाई स-स काय करतेय. आमच्याकडच्या स्पॅनिशमध्ये शब्दाच्या शेवटचा स कुणी म्हणत नाही हो, खातात. आभार मानले तरी ‘ग्रासियास’चं ‘ग्रासिया’, दोन मोजले तरी ‘दोस’चं नुसतं ‘दो’. पणज्या-खापरपणज्यांपासून खात आलोय, कुणाचं पोट दुखलं नाही. आणि तुमच्या इंग्रजीत — मला सगळं ठाऊक आहे हं, केळी सोलता सोलता पोर शिकवते मला — मी काम करते, त्याला स नाही. तू करतेस, नाही. आम्ही करतो, नाही. आणि ‘तो करतो’ म्हटलं की लागलंच शेपूट! वर्क्स! म्हणजे जो समोर बसलाय त्याला काही नाही, आणि जो इथे नाहीच त्याचे एवढे लाड. का? मी विचारलं तिला. म्हणाली, “मम्मी, बाई म्हणतात तसंच असतं ते.” असेल. देवाच्या घरच्या गोष्टीही तशाच असतात, फार विचारू नये.

पण लेकरू ‘माय फादर वर्क’ म्हणून तिथेच थांबायचं, आणि वर्गात हसायची पोरं — तीही स खाणारीच, पण हसायला काय लागतं? म्हणून मी आल्ताग्रासिया माऊलीला नवस बोलले. ईस्टरआधीचे उपास लागलेच होते. तोमासा शेजारणीने मांस सोडलं, दुकानदार फेलोने दारू सोडली — दुपारची — मी म्हटलं, माऊली, मी स खायचं सोडते. माझ्या तोंडातून वाचलेला प्रत्येक स माझ्या लेकीच्या जिभेवर ठेव. हसू नका हो. बरं, हसा, सगळेच हसतात. तुम्हाला वाटतं सोपं आहे? आमच्या जिभेला मुळात आठवतच नाही स कुठे होता आणि कुठे नव्हता! एखादा राहिला तर उपास मोडायचा, त्यापेक्षा सगळीकडेच घालावा म्हटलं. ‘काफे’चं ‘कास्फे’ झालं. कोंबडी मागायला गेले, ‘पोयो’चं ‘पोस्यो’. फेलो काउंटरवरून ओरडतो, “सरका, सरका, मोठ्या घरच्या बाई आल्या! आजपासून कुणी ‘फिनो’ म्हणायचं नाही, ‘फिस्नो’ म्हणायचं!” — फिनो म्हणजे ते नाजूक, सभ्य लोक असतात ना, ते. तोमासा म्हणते, “मेर्सेदे, तोंडात टायर पंक्चर झालाय का गं?” मी म्हटलं, मेर्सेदेस! माझ्या स्वतःच्या नावाला शेवटी स आहे, तो बाप्तिस्म्यानंतर मीच पहिल्यांदा उच्चारला. पाद्रीबाबांनी तर प्रार्थना संपल्यावर बाजूला घेतलं मला. म्हणाले, “बाई, भक्ती कळली, पण ‘आमेन’ला स नसतो.”

आता तुमच्यापासून काय लपवायचं — गुरुवारी एक घात झाला. सणाचा गोड राजमा चुलीवर होता, तो उतू गेला, हात भाजला, आणि तोंडातून गेलं, “आय दिओ!” दिओ! ‘दिओस’ म्हणायचं, तर उपासात मी देवाच्याच नावाचा स खाल्ला! मांस खाल्लं असतं तर परवडलं असतं. तेव्हापासून जीव थाऱ्यावर नाही. म्हणून तुम्ही फाटकात दिसलात आणि मला कळलंच.

वाक्य तर मी घोटून घेतलं होतं. माय फादर ऑलवेज कॉल्स. ते तुमचे जिन्यासारखे शब्द — वरती ऑलवेज, मग युजुअली, मग समटाइम्स, आणि तळाला नेव्हर — त्यात आमचा एलिहिओ, तिचा बाप, अगदी वरच्या पायरीवर. न्यूयॉर्कला असतो, पण रविवार चुकवत नाही. आता नेमकी ती मावशीकडे गेली की त्याचा फोन येतो, त्याला कोण काय करणार? आणि ती घरात असली तर मी दार लोटून बोलते — जरा मोठ्याने बोलते, तिलाही ऐकू जावं. परवा विचारते कशी, “मम्मी, पप्पांना तुझा उपासाचा स कसा समजतो? ते विचारत नाहीत, तुझ्या जिभेला काय झालं म्हणून?” म्हटलं, विचारतील कसे, फोनला चार्जिंगच कुठे— लाइट गेली होती ना. जाते आमच्याकडे लाइट. कॉफीत साखर बरोबर आहे ना?

काय? स गळला नाही? आला? स्पष्ट आला? वर्गाने ऐकला? माऊली गं! अहो मग मघापासून तोंड का असं करून बसलात, मला वाटलं शून्य दिलंत! थांबा, तोमासाला हाक मारते— बरं, नाही मारत. बसते. म्हणा ना ते वाक्य. ती म्हणाली तसंच म्हणा.

नेव्हर.

नाही, अर्थ माहीत आहे मला. तळची पायरी.

आणि ती काय म्हणाली? ऑलवेज लावलं की स घशात अडकतो, नेव्हर लावलं की आपोआप येतो? असं म्हणाली? …शहाणी आहे. बापावर गेली नाही, एवढं खरं. आणि उद्या सगळ्या आईबापांसमोर हेच म्हणणार, म्हणून बदलू का विचारायला आलात. बाई, तिथे ‘समटाइम्स’ नाही का बसणार? तीन राजांच्या सणाला आला होता हो फोन, खराखुरा — यंदाच्या नव्हे, त्याच्याही आधीच्या. एकदा आला तर समटाइम्स होतं ना? की दोनदा लागतं? …हो. त्यालाही शेवटी स आहेच की. एकाहून जास्त लागत असणार.

नका बदलू. पोटातून आलेलं आहे ते, जसं आहे तसं येऊ दे. गावाला इंग्रजी कुठे येतं? फेलोला येतं थोडं — ऐकेना का! मी अगदी पुढे बसेन, आणि सगळ्यांच्या आधी टाळी माझी. फक्त तुम्ही इथे आला होतात हे तिला सांगू नका. आईला हे पहिल्यांदाच ऐकवतेय असं वाटू दे तिला, त्यासाठीच तिने धीर गोळा केला असणार. कप राहू द्या, मी उचलते. उठा बाई, मागच्या फाटकाने जा — चर्चची शिकवणी सुटली, ती बघा, कोपऱ्यावर आलीच. जा लवकर.