बाळंतिणीचं झाड

मंडळी, बसा, सावरून बसा! मागची माणसं पुढे या. मधली जागा रिकामी ठेवलीत तर मला देवळाच्या खांबांना कीर्तन ऐकवावं लागेल, आणि खांब हसत नाहीत! तर आज तुम्हाला एकच प्रश्न विचारतो. ज्यानं आपल्यावर उपकार केले त्याचं नावच आपल्याला ठाऊक नसेल, तर ते उपकार फेडायचे कुणाकडे?

हं? आईबापांचं नाव ठाऊक असतं. गुरूचं ठाऊक असतं. शेजारणीनं वाटीभर साखर दिली तर तिचंही नाव लक्षात राहतं, परत मागेल म्हणून! पण ज्या झऱ्याचं पाणी पिऊन आपण मोठे झालो, त्या झऱ्याच्या डोक्यावरची झाडं कुणी राखली? सांगा नाव! येतंय का कुणाला? नाही ना? मग ऐका.

कोकणात डोंगराच्या पोटाशी सावरखोल नावाचं एक गाव. दिवस शिमग्याचे. तिथला शिमगा म्हणजे काय विचारता! रानातून उंच झाड तोडायचं, गावानं मिळून ते खांद्यावर नाचवत आणायचं आणि देवळापुढे होळी म्हणून उभं करायचं. कुठलं झाड? ते माणूस नाही ठरवत — देव ठरवतो! देवाच्या पाषाणाला दोन पाकळ्या चिकटवायच्या, गाऱ्हाणं घालायचं, आणि बघत बसायचं. उजवी पडली — होकार. डावी पडली — नकार. याला म्हणतात कौल.

बरं, झाड ठरलं. पहिला घाव कुणी घालायचा? तो मान भुवडांच्या घराण्याचा. त्या घरचा कर्ता पुरुष धोंडू भुवड. त्याची कुऱ्हाड पडल्याशिवाय दुसऱ्यानं झाडाला नख लावायचं नाही! आणि मान म्हणजे काय ते कोकणी माणसाला विचारा. जेवण सोडेल, झोप सोडेल, सख्ख्या भावाशी बोलणं सोडेल — मान सोडणार नाही! हसू नका, तुमच्या गावचंही मला ठाऊक आहे! त्या मानावर गंगाराम गोताडाचा डोळा होता. त्याचा बाप म्हातारा होऊन गेला तोही हाच ध्यास घेऊन.

त्या वर्षी काय झालं? आदल्या शिमग्याला शेजारच्या गावाची होळी उंच निघाली होती. वर्षभर टोमणे! म्हणून गावचा मुख्य, बाबाजी गावकर, हट्टाला पेटला. झऱ्याच्या वरच्या अंगाला एक जुनी सावर, म्हणजे काटेसावर, होती, दोघांच्या कवेत न मावणारी. तिच्यावर कौल लावला — उजवी! ढोल वाजले, गाव नाचलं.

तोडायच्या आदल्या दिवशी मानकऱ्यानं झाडापुढे नारळ ठेवायचा असतो. ज्याला तोडायचं त्याची आधी क्षमा मागायची — बघा, आपले पूर्वज किती शहाणे! धोंडू गेला, नारळ ठेवला, हात जोडले. तेवढ्यात डोक्यावरून सपसप पंखांचा आवाज! एक भला मोठा ककणेर, शहरातले लोक ज्याला धनेश म्हणतात, तो खोडाला येऊन बिलगला. काळा-पांढरा, चोचीवर पिवळं शिंग. समोर खोडाला मातीचं लिंपण, आणि त्यात बोटभर फट. त्या फटीतून आतून एक चोच बाहेर आली! यानं घशातून एक उंबर काढलं, दिलं. दुसरं काढलं, दिलं. तिसरं...

मंडळी, ही त्या पाखराची रीत आहे. मादी ढोलीत बसते, दार आतून लिंपून घेते, अंगावरची पिसंसुद्धा टाकते. उडायचं नाव नाही! पिल्लं वाढेपर्यंत घास आणायचा तो नवऱ्यानं. तो आला नाही तर आतली सगळी उपाशी. आणि तुमच्यातल्या किती जणांना घरात मीठ कुठल्या डब्यात आहे ते ठाऊक आहे? मृदंगवाले बुवा, मान खाली घालू नका, तुम्हाला एकट्याला नाही म्हणालो!

धोंडूला मात्र ठाऊक होतं. कारण गेल्या पावसाळ्यात त्याची बायको द्रौपदा शेताच्या बांधावरून घसरली, मांडीचं हाड मोडलं, आणि ती खाटेला खिळली. ज्यानं जन्मात चूल फुंकली नव्हती तो धोंडू पेज शिजवायला शिकला. आधी करपली, मग खारट झाली, मग जमली! रोज उशाशी बसून त्यानं तिला घास भरवले.

संध्याकाळी जेवताना त्यानं बायकोला सगळं सांगितलं. ती काठी टेकत चुलीशी येऊन बसली होती. म्हणाली, "अवो, मंग तो तुमच्यावानीच हाय की!"

धोंडू म्हणाला, "गंमत नको करूस. मी मागं सरलो तर मान जाईल. पोरांचा, नातवांचा — सगळ्यांचा जाईल."

द्रौपदानं चुलीतलं लाकूड मागं ओढलं. मग म्हणाली, "मी खाटंवर व्हते तवा तुमी दारातून आत याल म्हणून दिवसभर वाट बघायची. तेवडंच मला म्हाईत. पुडचा तुमी बगा."

दुसऱ्या दिवशी झाडाखाली सगळा गाव. ढोल-ताशांनी रान दणाणलं! धोंडूनं कुऱ्हाड कपाळाला लावली. उचलली. आणि — जमिनीवर ठेवली!

"माज्या हातून घाव पडायचा नाय."

गावकर ओरडला, "अरे, कौल झालाय! देवाचा हुकूम मोडतोस?"

"कौल झाडाचा झाला, गावकर. आत बाळंतीण हाय. तिचा कौल कुणी घेतला?"

"धोंडू, मान जाईल तुझा!"

धोंडूनं कुऱ्हाडीकडे एकदा पाहिलं. वाडवडिलांचा मान हो तो! म्हणाला, "जाऊ दे."

गंगाराम गोताड पुढे झाला. झडप घालून त्यानं कुऱ्हाड उचलली. दोन पिढ्यांची भूक! धोंडू त्याला म्हणाला, "घे. आजपासून मान तुझा. पन वर बगून घाव घाल, बाबा."

आता ऐका! गंगारामाची लेक त्याच वेळी बाळंतपणाला माहेरी आलेली. कुऱ्हाड वर गेली आणि नजरही वर गेली. पलीकडच्या ऐनाच्या झाडावर ककणेर बसलेला. गळा उंबरांनी फुगलेला. झाडाकडे झेपावायचा, ढोल कडाडला की मागे फिरायचा. पुन्हा झेपावायचा, पुन्हा मागे. फटीतून चोच बाहेर येऊन वाट बघत होती.

"ढोल थांबवा रे!" कोण ओरडलं? गंगाराम!

ढोल थांबले. ताशे थांबले. ककणेर आला, खोडाला बिलगला, एकेक उंबर काढून देत राहिला. खाली उभे असलेले सगळे बाप्ये, मिशांना पीळ देणारे, डोळे पुसत होते!

गंगारामानं कुऱ्हाड खांद्यावर टाकली. "मान माजा हाय ना? मंग पयला घाव कुठं पडंल ते मी सांगनार. माज्या परसातल्या पोफळीवर. चला!"

गावकर म्हणाला, "आणि कौल?" पुन्हा देवळात जाऊन कौल लावला. उजवी पडली! आता ती पडली की गुरवानं पाडली, ते त्याचं त्याला ठाऊक. देव रागावल्याचं काही माझ्या ऐकिवात नाही! सुपारीच्या बारक्या झाडाची होळी उभी राहिली, आणि शेजारचं गाव पोट धरधरून हसलं.

मग मान धोंडूला परत मिळाला म्हणता? छे! मान कुणी परत करतं होय? आजही तो गोताडांकडेच आहे. वैशाखात लिंपण फुटलं, आई आणि पिल्लू बाहेर आली. ते बघायला झाडाखाली दोनच माणसं होती, धोंडू आणि काठी टेकत आलेली द्रौपदा. दोघांनी हात जोडले. कशाला, विचारलं कुणी तर द्रौपदा म्हणायची, "बगायला मिळाला म्हनून."

पुढच्या शिमग्यापासून गावात एक नवी रीत पडली. गोताड झाडापुढे उभा राहतो, खोडावर थाप मारतो आणि हाक देतो, "घरात कोन हाय का?" आधी कान लावायचा, मग कुऱ्हाड. ती सावर अजून आहे. ककणेरांनी टाकलेल्या बियांतून तिच्याभोवती उंबर उभे राहिलेत, आणि खालचा झरा चैत्रातही आटत नाही. ते पाणी पिणाऱ्या पोरांना धोंडू भुवड हे नाव ठाऊक नाही.

आता माझा प्रश्न! आपण आज इथं सुखानं बसलोय. डोक्यावर या पिंपळाची सावली, प्यायला विहिरीचं गोड पाणी, हे देऊळ, ही टाळमृदंगाची परंपरा. हे सगळं आपोआप राहिलं का हो? कुणीतरी मान सोडला असेल, कुणीतरी हसं करून घेतलं असेल, म्हणून राहिलं! त्यांना शोधायला जाऊ नका, सापडायचे नाहीत. घरी गेलात की पाण्याचा पहिला घोट घेण्याआधी त्यांना हात जोडा. पण मंडळी, हात जोडायचे तर ते आधी मोकळे हवेत — तेव्हा आपापल्या हातातली कुऱ्हाड खाली ठेवा, आणि मग म्हणा माझ्याबरोबर, विठ्ठल, विठ्ठल!