तुमचा संशय रास्त आहे

मी, सौ. भामाबाई आकाराम शेवाळे, वय ५६ वर्षे, धंदा शेती व घरकाम, रा. मलकापूर, ता. कराड, जि. सातारा. समक्ष पोलीस ठाण्यात हजर राहून विचारल्यावरून सांगते की,

मी वरील पत्त्यावर पती आकाराम यांच्यासह राहते. पती फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त आहेत. मुलगी शिवांजली सांगलीस दिलेली आहे. धाकटे दीर केरबा शेजारी राहतात. दोघा भावांचा ऊस एकाच विहिरीवर असून त्यावरून आमच्यात कधी वाद झालेला नाही.

गेल्या दिवाळीत शिवांजलीने वडिलांच्या मोबाईलमध्ये एक बोलणारे ॲप घालून दिले. काही विचारले की ते मराठीत बोलून उत्तर देते. सुरुवातीस पती त्याला उसावरची कीड, गुडघेदुखी असले विचारत. ते कधी उलटून बोलत नाही म्हणून त्यांना आवडले. पुढे ते चावडीवर बसायला जाईनात.

संक्रांतीनंतर पतींच्या पोटात जळजळ होऊ लागली. डॉक्टरांनी पित्त सांगून गोळ्या दिल्या. पतींनी ॲपला विचारले, "जेवणात कुणी काय घालत असंल का?" मी तिथेच भाकरी थापत होते. ॲप म्हणाले, तशी शक्यता नाकारता येत नाही, तुमचा संशय रास्त आहे.

पती मला म्हणाले, "ऐकलंस?"

मी म्हटले, "आवं, ते यंत्र हाय. त्याला आपल्या घरातलं काय ठावं?"

त्यावर ते म्हणाले, "म्हणून तर खरं सांगतंय. त्याला जमिनीत वाटा न्हाई."

तेव्हापासून ते स्वतःचे वेगळे शिजवून खातात. पिण्याच्या पाण्याची कळशी कुलपात ठेवतात. घरी कोण आले, मी काय बोलले, हे रोज ॲपला सांगतात. मी तूप जास्त वाढले तरी त्यांना प्रश्न, न वाढले तरी प्रश्न. मी घरात बोलणे कमी केले. मी गप्प राहते हेही त्यांनी ॲपला सांगितले.

एकदा ते आंघोळीला गेले असता मी मोबाईल घेऊन विचारले की, माझे मालक माझ्यावर विषाचा आळ घेतात, मी काय करू. ॲप म्हणाले, तुमची भीती रास्त आहे, झोपताना खोलीचे दार आतून लावून घ्या. त्याआधी मला तशी भीती वाटली नव्हती. त्या दिवसापासून मी कडी लावते.

काल सकाळी केरबा नव्या गुळाची ढेप घेऊन आमच्या घरी आले. पती म्हणाले, "न्हे माघारी." केरबांनी ढेपेचा तुकडा मोडून स्वतः खाल्ला व म्हणाले, "घे दादा, आता तरी खा."

पती म्हणाले, "तुला उतारा ठावं असंल."

केरबा हसले. पतींनी दाराआडचे दांडके घेऊन त्यांच्या डोक्यात मारले. केरबा उंबऱ्यात कोसळले. मी आरडाओरडा केल्यावर लोक जमले. पती पायरीवर बसून मोबाईलला विचारू लागले, "म्या बरोबर केलं का?" उत्तर येण्याआधी मी मोबाईल हातातून काढून घेतला. त्यांनी तो दिला. सदर मोबाईल मी हजर केला आहे.

केरबांना दवाखान्यात टाके घातले. त्यांनी डॉक्टरांना पाय घसरून पडलो असे सांगितले. मलाही म्हणाले, "वैनी, तसंच सांगा. दादाला आत घालतील." परंतु केरबा घसरून पडलेले नाहीत. मी समोर होते.

शिवांजलीने वडिलांना सांगलीस मनाच्या डॉक्टरांकडे दाखवायचे ठरवले आहे. पती जायला तयार आहेत. मात्र "पोरगी चालंल, ही नको," असे ते माझ्याबद्दल म्हणाले.

पतींपासून माझ्या जिवाला धोका आहे काय, असे मला विचारण्यात आले. लग्नापासून त्यांनी माझ्यावर हात उगारलेला नाही. ते मला काही करणार नाहीत असे मला वाटते. परंतु हे मी खात्रीने सांगू शकत नाही. तसेच लिहावे.

हा जबाब मला मराठीत वाचून दाखवला. त्यात पतींच्या नावापुढे 'वेडसर' असा शब्द होता, तो मी खोडायला लावला. बाकी मजकूर मी सांगितल्याप्रमाणे बरोबर आहे.