फुलाचा रकाना

ताई : कुजलं म्हणजे? सगळं?

भाऊ : मुळापासून. हात लावला तर पान हातात आलं.

ताई : पाणी कोण घालत होतं?

भाऊ : मी.

ताई : मग माळ्याला बोल लावू नकोस.

भाऊ : लावला नाही.

ताई : आलास तेव्हा चेहऱ्यावर होता. चहा घे. तुमच्या संस्थेत एवढी काचघरं, एवढे शिकलेले लोक, आणि आफ्रिकेतून आणलेलं एक झाड सांभाळता येईना?

भाऊ : अकरा वर्षं सांभाळलं. ताई, आणलं तेव्हा त्याचा एक फुटवा तुला दिला होता. स्नेक प्लांटच, पण पान काठीसारखं गोल. वरच्या बाजूला पन्हळ, पन्हळीच्या कडेला तांबडी रेघ.

ताई : न्हाणीघराच्या खिडकीत आहे.

भाऊ : जिवंत?

ताई : मर म्हणून कुणी सांगितलं नाही त्याला.

भाऊ : मग त्यातलं थोडं मला परत दे. या जातीचं वर्णन अजून जगात कुणी लिहिलेलं नाही. मी लिहिलंय. पान, पट्टे, मुळं, सगळं मोजून झालंय. फक्त फुलाचा रकाना रिकामा आहे. फूल पाहिल्याशिवाय ही नवी जात आहे असं छातीठोक सांगता येत नाही. आणि महिनाअखेरीला मी निवृत्त होतोय.

ताई : पांढरं असतं.

भाऊ : काय?

ताई : फूल. बारीक नळी, टोकाला पाकळ्या.

भाऊ : कुणाचं फूल?

ताई : माझं कशाला असेल? झाडाचंच. दर उन्हाळ्यात एक तुरा येतो.

भाऊ : दर उन्हाळ्यात.

ताई : चिकट थेंब सुटतात त्याला. मुंग्या लागतात, पार साबणापर्यंत जातात. म्हणून मी कापून टाकते.

भाऊ : टाकतेस. कुठे?

ताई : कचऱ्यात. दुसरीकडे कुठे टाकतात?

भाऊ : अकरा वर्षं.

ताई : नऊ. पहिली दोन वर्षं आलं नाही.

भाऊ : आणि मला एका शब्दानं बोलली नाहीस!

ताई : तू विचारलंस? फोनवर म्हणायचास, ‘झाड बरं आहे ना?’ मी म्हणायचे, बरं आहे. खोटं होतं का काही?

भाऊ : मी त्याला दरवर्षी मोठी कुंडी दिली. चाळलेली माती. वेळच्या वेळी पाणी.

ताई : माझं त्याच जुन्या डब्यात आहे. इतकी दाटी झालीय की डबा एका अंगाला फुगलाय. पाणी, आठवलं तर.

भाऊ : अडचणीत असलं की हे झाड फुलतं. मी स्वतः वर्गात शिकवलंय हे.

ताई : सगळं आयतं मिळाल्यावर कोण कशाला फुलायचे कष्ट घेईल?

भाऊ : ताई, या वर्षीचा तुरा?

ताई : आहे की. आज कापणारच होते. अरे, पळू नकोस, ओलं आहे तिथे!

(न्हाणीघर. खिडकीबाहेर दिवेलागणीची वेळ.)

भाऊ : उमलतंय. पट्टी सरळ धर. नळी सव्वीस मिलिमीटर. पाकळ्या सहा, मागे वळलेल्या. वास कसला म्हणावा?

ताई : नुकत्याच वाळलेल्या कपड्यांचा.

भाऊ : ‘मंद, गोडसर’ लिहितो.

ताई : लिही. तुला कपडे कुठे वाळत घालायला लागले?

भाऊ : झालं. आता तुरा कापून कागदात दाबायचा, कायमचा जपायला.

ताई : म्हणजे मी कापला तर गुन्हा, तू कापलास तर शास्त्र.

भाऊ : हो. तसंच आहे ते.

ताई : नाव काय ठेवणार झाडाचं?

भाऊ : माझ्या सरांचं. त्यांना शब्द दिला होता.

ताई : बरोबर आहे. त्यांनी तुला शिकवलं.

भाऊ : त्यांच्याआधी तू. आई गेली तेव्हा शाळा तू सोडलीस.

ताई : एकानं सोडायलाच हवी होती. तू सात वर्षांचा. तुला काय स्वयंपाक येत होता?

भाऊ : अजून येत नाही. ही कात्री घे, तूच काप.

ताई : का? मी कापला तर गुन्हा ना?

भाऊ : जो कापतो त्याचं नाव त्या कागदावर लागतं. ‘संकलक’ म्हणून.

ताई : किती दिवस राहतं?

भाऊ : कागद आहे तोवर. दोनशे-तीनशे वर्षं.

ताई : हं.

भाऊ : अगदी बुडाशी काप.

ताई : नऊ वर्षं कापतेय. मला शिकवू नकोस.

भाऊ : नाव कोणतं लिहू? सासरचं की माहेरचं?

ताई : माहेरचं. शाळेच्या दाखल्यावर आहे ते. पुढे शिक्षण लिहायचं असतं का?

भाऊ : नाही. तसा रकानाच नसतो.

ताई : मग लिही. आणि अक्षर नीट काढ. मी गिरवून घेतलंय ते तुझ्याकडून.