मधली भिंत

डोरीन: यंत्र कपाटात ढकललंय, वर पांघरुणं टाकलीत. तुझी उशीही पुढच्या खोलीत, माझ्या उशीशेजारी. आता तेवढा खोकू नकोस.

क्लिफ: खोकला काय तुला विचारून येतो? अगं, श्वासाचं यंत्र माडीवर आणि मी इथे खुर्चीत. दम लागला तर?

डोरीन: काठीनं छताला ठोक. रात्री भिंतीला ठोकतोस तसं. बाई येईल, बघेल, जाईल.

क्लिफ: मदत द्यायची की नाही ते बघायला येतेय ती कौन्सिलची बाई. आणि तू उंबरठा घासलास, शेजारच्या आयव्हीचे सोनेरी काठाचे कप आणलेस. राणी येतेय का चहाला?

डोरीन: परक्या माणसापुढे आपलं दळिद्र मांडायचं नाही. आमच्या लँकाशायरच्या आयाबायांनी हेच शिकवलं. झाकली मूठ सव्वा लाखाची.

क्लिफ: मिटल्या मुठीत कोणी काही ठेवत नाही, डोरीन.

डोरीन: घंटा वाजली. ताठ बस. या, या! आत या, बाहेर बोचरं वारं आहे.

हॉवर्थ: मी मिस हॉवर्थ, कौन्सिलच्या घरभाडे विभागातून. किती छान घर ठेवलंय तुम्ही, मिसेस ग्रिमशॉ.

डोरीन: असतं असंच. बिस्किट घ्या, आल्याचं आहे.

हॉवर्थ: नंतर घेईन. माणसं दोन, झोपायच्या खोल्याही दोन. जोडप्याला एक पुरते, म्हणून दुसरी जास्तीची धरून तुमच्या भाड्याची सरकारी मदत कापली गेली. ती तूट कौन्सिलनं भरून द्यावी, असं तुमचं म्हणणं. सध्या कसं चाललंय?

डोरीन: छान चाललंय. तक्रार नाही.

हॉवर्थ: तक्रार नाही?

क्लिफ: छान म्हणे! ही शाळेतल्या स्वयंपाकघरात राबते आणि रात्री पावाच्या कडा...

डोरीन: क्लिफ, चहा पी.

हॉवर्थ: माडीवरची मागची खोली बघू?

डोरीन: चला ना. जिन्याला कठडा धरा. ही बघा. पडदे मीच शिवलेत.

हॉवर्थ: चादरीवर सुरकुती नाही. इथे कोण झोपतं?

डोरीन: कोणी नाही. पाहुण्यारावळ्यांसाठी असते.

हॉवर्थ: आणि तुमचे यजमान?

डोरीन: माझ्याजवळ. नवरा-बायको आणखी कुठे झोपणार?

हॉवर्थ: मिसेस ग्रिमशॉ, हे असंच लिहिलं तर खोली रिकामी ठरेल. मदत नाही मिळणार. मग एका खोलीचं घर शोधावं लागेल, आणि तसली घरं या गावात नाहीत, दरीपलीकडे आहेत. म्हणून पुन्हा विचारते. ही खोली कोणाची?

डोरीन: कापड बाजारातून आणलं होतं. पडद्यांचं. फुलं जरा फिकी आहेत, पण...

हॉवर्थ: खाली कोण ठोकतंय?

डोरीन: अरे देवा! पोरी, ते कपाट उघड. पांघरुणं फेक खाली. ते यंत्र, हो तेच! त्या बाजूनं धर.

हॉवर्थ: हे इथे? लपवून?

डोरीन: मग विचार! जिना सांभाळ. आले रे क्लिफ, आले!

(यंत्राची घरघर सुरू होते.)

क्लिफ: निळे ओठ शोभतात का मला?

डोरीन: गप्प. श्वास घे.

हॉवर्थ: ॲम्ब्युलन्स बोलावू?

क्लिफ: नको, हे नेहमीचं आहे. उभा जन्म खाणीत दगड फोडला. फुटता फुटता तो छातीत येऊन बसला. हे यंत्र रात्रभर गुरगुरतं, मी बसल्या बसल्या झोपतो. हिचा डोळ्याला डोळा लागेना, म्हणून मीच मागच्या खोलीत गेलो.

हॉवर्थ: मग पाहुण्यांची खोली का म्हणालात, मिसेस ग्रिमशॉ?

डोरीन: काय सांगू? ग्रिमशॉ नवरा-बायकोचं अंथरूण वेगळं झालं म्हणून? लग्नात आई म्हणाली होती, भांड भांड भांड, पण उशी हलवू नकोस. भांडलेही नाही गं, आणि उशी हलली.

हॉवर्थ: रात्री यांना असं झालं तर कळतं कसं?

क्लिफ: मधे भिंत आहे ना. जाग आली की ही ठोकते, मी उलट ठोकतो.

डोरीन: उत्तर आलं की डोळे मिटते. नाही आलं तर अनवाणी धावते.

हॉवर्थ: हे लिहिते मी, अगदी असंच. डॉक्टरांची चिठ्ठी जोडा. पण ठरवणारी मी एकटी नाही. आणि मिळाली तरी मदत मार्चअखेरपर्यंतच. पुढे पुन्हा अर्ज, पुन्हा कोणीतरी येईल.

डोरीन: म्हणजे पुन्हा सगळं उघडं करायचं?

हॉवर्थ: हो. तेव्हा उंबरठा नका घासू.

डोरीन: उंबरठा घासणारच. यंत्र तेवढं जागेवर राहील. थांब, हे बिस्किट हातात धर, वाटेत खा. नीट जा गं.

क्लिफ: गेली? पोरगी बरी होती. आता ही उशी परत नेणार का मागे?

डोरीन: नेते ना.

क्लिफ: राहू दे आजची रात्र. निजतो तुझ्याजवळ, यंत्रासकट.

डोरीन: नको रे. जवळ असलास तर भिंतीला ठोकशील कशाला?