दिव्यावरची टिकली

आजच्या कार्यक्रमाच्या अध्यक्षा चंदनाताई, जीप चालक-मालक संघटनेचे प्रमुख जगनभाऊ, ज्यांना निरोप द्यायला आपण जमलो ते सुदेश मिस्त्री, त्यांच्या पत्नी वर्षालीताई, आणि बाजाराचा दिवस असून धंदा सोडून आलेले भाऊ-बहिणी, तुम्हा सर्वांना गौराचा नमस्कार.

मला भाषण येत नाही. शाळा चौथीपर्यंत. पुढचं वाचन मिस्त्रींच्या गॅरेजातल्या स्टुलावर झालं. आधी ऑइलच्या डब्यांवरचं, मग जुनी वर्तमानपत्रं, मग वाचनालयातली पुस्तकं. आज उभी राहिले ती एका कारणासाठी. चार वर्षं एक गोष्ट मी मिस्त्रींना सांगितलेली नाही. उद्या ते गॅरेज बंद करून मुलीकडे नाशिकला जातील, म्हणून आजच सांगते.

आमचे हे, तुका, मोखाडा ते सूर्यमाळ जीप चालवायचे. ते गेले आणि जीप उरली. विनोदला मी चालवायला ठेवलं. पण गाडी चढाला ताकद सोडायची, काळा धूर टाकायची. वेगाच्या काट्याशेजारचा इंजिनचा पिवळा दिवा लागलेलाच असायचा. त्या दिव्यावर एक टिकली चिकटवलेली होती, तिच्या कडेनं उजेड यायचा. एका गॅरेजवाल्यानं बिघाड तपासायचं मशीन लावलं, त्यावर हवेच्या सेन्सरचा आकडा आला, त्यानं सेन्सर बदलला. तिसऱ्या दिवशी पुन्हा तेच. जगनभाऊ म्हणाले, "वैनी, इंजिन गेलं. भंगारात घाला अन् मोकळ्या व्हा." हसू नका जगनभाऊ, म्हणाला होतात.

मग सुदेश मिस्त्री. त्यांनी बॉनेट उघडलंच नाही. विनोदला विचारलं, "दिवा कधी लागतो?"

"लागलेलाच असतो."

"तसं नाही रे. गाडी कधी दमते? रिकामी असताना? भरलेली असताना? सपाटीला? चढाला?"

हे आधी कोणी विचारलं होतं का? मग मशीन लावून ते माझ्या हातात दिलं. "वाचा वैनी, आकडा. आणि लक्षात ठेवा, काय बिघडलंय ते हे सांगत नाही. तक्रार कोणी केली ते सांगतं. सेन्सर म्हणतोय हवा कमी येते. तर हवा जाते कुठं ते बघू. बोंब मारणाऱ्यालाच बदलून काय उपयोग?"

बाजारातली बारा माणसं कोंबून, मशीन मांडीवर घेऊन ते पुढे बसले. मागून गोदीआजी ओरडली, "मिस्तरी, टीवी घेऊन कुठं रं निघालास?" सूर्यमाळच्या चढाला हवेचा आकडा खाली घसरला. परत आल्यावर त्यांनी इंजिनात हवा ढकलणाऱ्या टर्बोचा रबरी पाइप काढून वाकवला. त्याला चीर होती. गाडी उभी असताना मिटलेली, चढाला भार आला की उघडणारी.

पाइप बदलला. तरी लगेच झालं म्हणाले नाहीत, भरल्या गाडीनं आणखी दोन खेपा मारल्या. "दिवा मशीननं पुसता येतो, वैनी. दुखणं नाही."

मग त्यांनी नखानं टिकली सोडवली. "तुकादादाची मस्करी! दिवा झाकून चालवायचा!" सगळे हसले, मीही हसले. त्यांनी ती स्टिअरिंगच्या बाजूला नीट चिकटवली. "दादाची आठवण. राहू दे."

मिस्त्री, ती टिकली त्यांनी लावली नव्हती. मी लावली होती. दिवा बघून बायका बसायला बिचकत होत्या. मी कपाळावरची काढली आणि लावली. म्हटलं, "घ्या, आता कोणी बघणार नाही." ते म्हणाले, "अगं, एकदा मिस्त्रीला दाखवू." मी म्हटलं, शिमगा होऊ द्या, धंद्याचे दिवस आहेत.

त्याच शिमग्यात घराच्या चढाला ते मध्येच थांबायचे. छातीवर हात. सपाटीला बरे असायचे. मी ओवा दिला आणि म्हटलं, वय झालं, दम लागायचाच. पंधरा दिवसांत गेले. नंतर डॉक्टरांनी विचारलं, "कधी दुखायचं? बसल्यावर? चढताना?" मला सगळं माहीत होतं. मी फक्त विचारलं नव्हतं.

तुम्ही मला दोष दिला नसता, मिस्त्री. तेच नको होतं, म्हणून गप्प राहिले.

आता घरी मी एकटीच. सकाळी विनोद यायच्या आधी जीपमध्ये बसून किल्ली फिरवते. तुम्हीच शिकवलंत, किल्ली फिरवली की तो दिवा लागलाच पाहिजे. लागला नाही तर जास्त घाबरायचं. तो लागलेला बघते. इंजिन चालू करून विझलेला बघते. मग बंद करून चहा ठेवते. दुसरं कोणी बघायला नसतं.

अजून एकच. आज या व्यासपीठाच्या पाच पायऱ्या चढताना तुम्ही तिसऱ्या पायरीवर थांबलात. मी पाहिलं. जगनभाऊंना "गुडघा" म्हणालात. असेलही गुडघा. पण हात गुडघ्यावर नव्हता. वर्षालीताई, नाशिकला सामान लावण्याआधी यांना डॉक्टरकडे न्या. कधी होतं, कुठं होतं, सगळं विचारा. "काही नाही" म्हणाले तर ऐकू नका.

संघटनेनं मला बोलू दिलं, तुम्ही ऐकून घेतलं, सर्वांची आभारी आहे. शाल-श्रीफळाच्या दिवशी असलं बोलू नये, कळतं मला. कमी-जास्त बोलले असेन तर पोटात घाला. मिस्त्री, आता खाली उतरताना माझा हात धरा.