गळ्यात कशाला बांधलंत?

न्हाय, न्हाय बाई, पायरीवर बसू नका. उभ्यानंच बोला. शिवी चार दिस दुधाला आली न्हाय म्हनून इचारायला आलाय न्हवं? न्हाय आली. मीच धाडली न्हाय. आन धाडनार बी न्हाय. नात माजी हाय, तुमच्या दूध केंद्राची न्हाय — व्हय, आई-बाप हैत की तिला! मंगळवेढ्याकडं दुष्काळी कामावर खडी फोडत्यात दोगं. अडीच वर्साचं लेकरू उन्हात कुटं ठेवनार, म्हनून हितं सोलापुरात माज्यापाशी सोडलीया. माज्या भरवशावर.

मला एक सांगा — तुमी चर्चवाल्या. त्यात बी एक न्हाय, दोन दोन चर्चं, ज्यांचं एकमेकांशी पटत न्हाय म्हनत्यात. त्यात पेठेतल्या शेटजींचा ट्रस्ट. त्यात आमच्या मठाची मंडळी. ही समदी एका पत्र्याच्या शेडात, एका पातेल्याभवती? कधी एका सतरंजीवर बसली न्हाईत, आन दुष्काळ पडल्याबरोबर भाऊ-भाऊ झाली? मला न्हाय पटत. कायतरी काढून घेतल्याबिगर कोन देतंय हो? आमच्या शेजारचा बसलिंगप्पा मठात झाडलोट करतो, त्येला इचारलं, तर म्हनतो, ‘नीलम्मा, दूध पांढरंच असतं, गप पाज.’ त्येला काय कळतंय! सोता रोज दोन पेले ढोसतो तितं.

तरी गल्लीतल्या पोरींसंगं धाडली की नऊ दिस! कार्ड हातात देत हुता तवर माजं कायबी म्हननं न्हवतं. मग पोरं कार्ड हरवत्यात म्हनून दोरीत ओवून गळ्यात बांधायला लागलात — कुनाचं डोस्कं चाललं हे? तुमचं? बाई, आमच्यात गळ्यात लिंग असतं. लेकरू जन्मलं की बांधत्यात, ते मरेस्तवर सुटत न्हाय. तितं दुसऱ्या देवाचं कायबी चालत न्हाय. आन त्या दिवशी ही दारात आली तर लिंगावर तुमचं कार्ड, कार्डावर ही ठळक तांबडी खून! उभी रेघ, आडवी रेघ. चौथी झालीया माजी, वाचता येतं मला. पर त्यात वाचायचं काय हुतं? तुमच्या चर्चच्या शेंड्यावर तेच की! पोर परक्याची करून धाडली म्हनलं. विळीवर दोरी कापली, कार्ड चुलीत घातलं, आन पोरीला डोक्यावरनं आंघोळ घातली. गार पान्यानं, व्हय. ऐन चैतात थरथरायला लागली — लागली तर लागली.

काय? परत बोला.

चर्चची न्हाय? मग कसली? लई अशक्त पोरांची? एवढ्या पोरांत अकराच जनांना? दुप्पट दूध, आन डॉक्टर तपासनार — मग तोंडानं सांगायचं न्हाय व्हय! रेघा कसल्या वडता? आमच्या शाळेत गनित चुकलं की गुरुजी फुली मारायचे. माजं काय चुकलं? मी घालते की तिला जेवाय. भाकरी चुरून घालते, कालवून घालते. ती तोंडच उघडत न्हाय त्येला मी काय करू? मनगट्या हातातनं गळून पडाय लागल्या म्हनून मीच काढून फडताळात ठेवल्या — हरवतील म्हनून! दुसरं कायबी न्हाय. पोराला पत्र बी टाकलं परवा, शिवी ठनठनीत हाय, काळजी करू नका. मग काय लिवायचं हुतं? आंघोळीपास्नं पोरगी उठून बसली न्हाय, असं लिवू?

आत कशाला बघताय? निजलीया ती. सकाळपास्नं निजलीया.

थांबा. हात लावू नका, मी घेते. ए शिवी. शिवी गं… यव्वा, किती तापलीया.

कुटं बसतो तुमचा डॉक्टर? शेडातच? आज हाय न्हवं? मग उभ्या काय ऱ्हायलात! दुसरं कार्ड लिवा. गळ्यात न्हाय, आधीच सांगते, माज्या हातात द्यायचं. फुल्या मारा दहा. आन म्होरं चाला तुमी. म्होरं म्हनते न्हवं! माज्यासंगं चालू नका, गल्ली बघतीया. बोलू बी नका माज्याशी.

चला.